दुर्लक्षित गोष्टींतले सौंदर्य छायाचित्रात कसे शोधावे?

प्रश्न: गेले वर्षभर मी निसर्गाची छायाचित्रे काढतो आहे, परंतु सूर्यास्त आणि पक्षी यांपलीकडे माझी नजर जात नव्हती. परवा एका वाळक्या पानाचे छायाचित्र मोठे करून पाहिले, तेव्हा त्याच्या शिरांची जाळी इतकी रेखीव दिसली की मी थक्क झालो. असे सौंदर्य जाणीवपूर्वक शोधता येते का?

उत्तर १: येते, मात्र एकाच जागी बराच वेळ थांबावे लागते. दव पडलेल्या सकाळी कोळ्याच्या जाळ्यातला एखादा थेंब जवळून पाहा. तो भिंगासारखे काम करतो आणि मागच्या फुलाची उलटी प्रतिमा त्यात सामावलेली असते. मॅक्रो लेन्सने (अगदी जवळून छायाचित्र घेण्याच्या लेन्सने) १:१ प्रमाणात, म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरवर वस्तू मूळ आकाराएवढी उमटेल असे छायाचित्र घेताना फोकसमध्ये राहणारा भाग फारच अरुंद असतो, म्हणून अ‍ॅपर्चर (लेन्समधले प्रकाश आत येण्याचे छिद्र) एफ/८ ते एफ/११ इतके लहान ठेवावे, ट्रायपॉड वापरावा आणि वारा थांबण्याची वाट पाहावी.

उत्तर २: अमेरिकेतील विल्सन बेंटली यांनी १८८५ मध्ये सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमस्फटिकाचे छायाचित्र घेतले आणि पुढे आयुष्यभरात अशी ५,००० हून अधिक छायाचित्रे काढली. विषय एकच, तोही क्षणात वितळणारा! मला तर त्यांची ही चिकाटीच अधिक सुंदर वाटते.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. उद्या पहाटे केवळ दगडावरच्या शेवाळापाशी बसणार आहे.

उत्तर १: पोलरायझर (लेन्सवर लावायचा फिल्टर) सोबत ठेवा, ओल्या शेवाळावरची चमक कमी होऊन हिरवा रंग खुलून दिसतो.