आईचे विसरणे आणि दहा वर्षे आधीचे भाकीत

प्रश्न (औसा, जि. लातूर):
माझी आई 68 वर्षांची असून ती शाळेत गेलेली नाही. वर्षभरापासून ती तेच तेच विचारते आणि दूध चुलीवर ठेवून विसरते. एका दवाखान्यात तिला तारीख विचारली आणि घड्याळ काढायला सांगितले. दोन्ही जमले नाही. येळवस (वेळ अमावस्येचा सण) किती दिवसांवर आली, हे मात्र ती बिनचूक सांगते. रक्तावरून स्मृतिभ्रंश दहा वर्षे आधी कळतो, असे वाचले. ती तपासणी करून घ्यावी का?

उत्तर 1:
आपण वाचलेले संशोधन बहुधा यूके बायोबँक या, लोकांची आरोग्यमाहिती व रक्तनमुने जपणाऱ्या ब्रिटिश प्रकल्पाच्या माहितीवरील असावे. तेथे 2006 ते 2010 या काळात 40 ते 69 वयाच्या सुमारे पाच लाख ब्रिटिश नागरिकांची नोंद झाली. त्यांपैकी पन्नास हजारांहून अधिक लोकांचे जुने रक्तनमुने तपासल्यावर, ज्यांना पुढे स्मृतिभ्रंश झाला त्यांच्या रक्तात जीएफएपी हे मेंदूच्या आधारपेशींतील प्रथिन निदानाच्या किमान दहा वर्षे आधीपासूनच वाढलेले आढळले; संगणकाने अशा प्रथिनांना वयाची जोड देऊन अंदाज बांधला. पण तो अंदाज त्या वेळी निरोगी असलेल्यांविषयी होता. आपल्या आईंना लक्षणे आजच दिसत आहेत, म्हणून आपल्यापुढचा प्रश्न भाकिताचा नसून निदानाचा आहे.

उत्तर 2:
सहमत. त्यातही ब्रिटनच्या माहितीवर शिकलेले गणित मराठवाड्यातील निरक्षर शेतकरी बाईला जसेच्या तसे लावणे मला धाडसाचे वाटते. ज्यांनी आयुष्यात पेन्सिल धरली नाही, त्यांना घड्याळ काढता आले नाही यावरून मेंदूविषयी काय कळणार? हरियाणातील बल्लभगडच्या खेड्यांत याच अडचणीमुळे निरक्षरांसाठी वेगळी हिंदी चाचणी तयार करण्यात आली. कर्नाटकातील श्रीनिवासपूर तालुक्यात 45 वर्षांवरील ग्रामस्थांच्या मेंदूचा दीर्घकाळ मागोवा घेतला जात आहे. आपल्याकडील भाकितासाठी खरी सामग्री अशा अभ्यासांतूनच मिळेल.
सध्या आईंना मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा आणि बी-12, थायरॉइड, साखर व रक्तदाब तपासून घ्या. बी-12 च्या कमतरतेने किंवा नैराश्यानेही विसरभोळेपणा येतो आणि तो उपचारांनी सुधारू शकतो. त्यांना ऐकू नीट येते का?

प्रश्नकर्ता:
डावा कान दोन वर्षांपासून मंद आहे. तो वयाचा भाग समजून आम्ही सोडून दिला होता.

उत्तर 2:
मग कानाची तपासणी आधी करा. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2024 च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या 14 जोखमींत श्रवणदोष धरला आहे. शिवाय प्रश्नच नीट ऐकू आला नसेल, तर चुकलेले उत्तर स्मृतीच्या खात्यावर जाते. जाताना येळवसीची गोष्ट डॉक्टरांना अवश्य सांगा, आणि पूर्वी सहज जमणारे कोणते काम आता अडते, हेही लिहून न्या.