बाविसावा आठवडा : एका देशात उपचार, दुसऱ्यात नाही?

काजवा : माझी भाची गरोदरपणाच्या तेविसाव्या आठवड्यात जन्मली. भावाची अंगठी तिच्या दंडापर्यंत सहज सरकायची. डॉक्टरांनी आम्हालाच विचारलं, "प्रयत्न करायचे का?" हे देशागणिक बदलतं म्हणे?

निशाचर : बदलतं. मी नवजात विभागात परिचारिका आहे. बाळ जगू शकतं असं मानायची मर्यादा जपानने १९९१ मध्येच २२ आठवड्यांवर आणली, तिथे बहुधा पूर्ण उपचार होतात. स्वीडनही २२ पासून विचार करतो. नेदरलँड्समध्ये २०१० पासून २४ ची रेषा, त्याआधी २५ होती. ब्रिटन २०१९ पासून नुसते आठवडे मोजत नाही. वजन, मुलगा की मुलगी, प्रसूतीआधी आईला स्टिरॉइड मिळालं का, हेही बघतात. (मुली जरा चिवट असतात, खरंच.)

सावकाश : किती बाळं जगतात याचे आकडे वाचताना भाजक बघा, म्हणजे एकूण किती बाळांपैकी ते. फक्त एनआयसीयूत (नवजात अतिदक्षता विभागात) पोचलेली बाळं धरली की टक्का फुगतो. आणि जिथे हातच लावत नाहीत, तिथे बाळं जगणार कशी? मग तोच आकडा पुढच्या आईबापांना दाखवतात!

काजवा : आम्हाला दाखवलेला आकडा कुठला होता, कोण जाणे. विचारायचं सुचलंच नाही. भाची आता चष्मा लावते. म्हणजे, लावला की फेकते.