जूनच्या पावसावरून हंगामाचा पाऊस सांगता येतो का? एक्सेलमध्ये सहसंबंध 0.62 आलाय

बियाणेवाला_बार्शी

नमस्कार मंडळी. बार्शी तालुक्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. रब्बी ज्वारी आणि हरभऱ्याचं बियाणं किती लागेल हे मला जुलैतच कळवावं लागतं, आगाऊ रक्कमही भरावी लागते. माल कमी पडला तर वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. जास्त झाला तर पिशव्या पडून राहतात, आणि वैधता संपली की ते बियाणं म्हणून विकता येत नाही.

आमच्या भागातल्या एका शेतकऱ्याच्या वस्तीवर पर्जन्यमापक आहे. त्यांच्या वडिलांपासून रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजून वहीत लिहायची पद्धत. ती 30 वर्षांची वही मी एक्सेलमध्ये उतरवली. एक्स अक्षावर जूनचा पाऊस, वाय अक्षावर जून ते सप्टेंबरची बेरीज. ट्रेंडलाइन, म्हणजे ठिपक्यांमधून जाणारी सरळ रेषा, टाकल्यावर हे आलं:

वाय = 1.04 एक्स + 494, आर स्क्वेअर 0.38, म्हणजे आर, अर्थात सहसंबंध, 0.62 (0 म्हणजे संबंध नाही, 1 म्हणजे पक्का).

हंगामाची सरासरी 640 मिमी आहे. यंदा जून फक्त 60 मिमी झाला, त्यामुळे सूत्र 556 सांगतं, सरासरीपेक्षा 13 टक्के कमी. इथले जुने लोकही मृगावरून वर्षाचा अंदाज बांधतात, त्यामुळे मला हे पटलं. मग मागणीही 13 टक्क्यांनी कमी करू का? पैसे अडकणार आहेत, म्हणून जाणकारांना विचारतोय.

टक्केवारी

आम्हाला एमबीएला शिकवलं होतं की आर 0.5 च्या वर असला की संबंध चांगला समजायचा. तुमचा 0.62 आहे. मी तर सूत्र वापरलं असतं.

आकडेमोड_मावशी

बियाणेवाले, थांबा. आगाऊ रक्कम भरायच्या आधी हे वाचा.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. तुमच्या समीकरणातला 1.04 पाहिला आणि सहसंबंधाकडे बघायची गरजच उरली नाही. जूनमध्ये एक मिलिमीटर जास्त पडला की हंगामाची बेरीज 1.04 मिलिमीटरनी वाढते, असं हा उतार सांगतो. पण जूनचा पाऊस त्या बेरजेतच मोजलेला आहे! जूनमधला एक मिलिमीटर बेरजेत स्वतःच एक मिलिमीटर टाकणार. पुढच्या तीन महिन्यांबद्दल जून जे काही सांगतो ते उरलेल्या 0.04 मध्ये आलं. आणि 494 ही तुमच्या जुलै ते सप्टेंबरच्या सरासरीच्या आसपासचीच संख्या असणार, ताडून बघा.

मग 0.62 कुठून आला? समजा जूनचा आणि पुढच्या तीन महिन्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. जूनचं प्रमाण विचलन (पाऊस सरासरीपासून साधारण किती इकडेतिकडे होतो तो आकडा) 75 मिमी आणि पुढच्या तिमाहीचं 100 मिमी धरा. मग बेरजेचं विचलन 75 चा वर्ग अधिक 100 चा वर्ग याचं वर्गमूळ, म्हणजे 125. जूनचा बेरजेशी सहसंबंध 75 भागिले 125, म्हणजे 0.6. संबंध शून्य, तरी सहसंबंध 0.6. भागाची पूर्णाशी तुलना केली की असं होतंच, मग तो पाऊस असो की सहामाही आणि वार्षिक मिळून केलेली गुणांची बेरीज.

म्हणून दोन स्तंभ नव्याने करा: एकात जून, दुसऱ्यात फक्त जुलै ते सप्टेंबर. त्यांच्यावर सहसंबंध काढणारं कोरेल फंक्शन चालवा. शिवाय स्टेयक्स नावाचं फंक्शन आहे, तेही चालवा. अंदाज साधारण किती चुकतो ते त्यातून कळतं, आणि ट्रेंडलाइन हे आपणहून कधीच दाखवत नाही.

टक्केवारी, 0.5 चा नियम कृपा करून सोडून द्या. सहसंबंध खरोखर 0.6 असला तरी अंदाजातली चूक किती कमी होते ते पाहा: 0.6 चा वर्ग 0.36, आणि 1 वजा 0.36 याचं वर्गमूळ 0.8. म्हणजे नुसती सरासरी सांगून जेवढं चुकलो असतो, त्याच्या 80 टक्के तरीही चुकणारच. हे कोणी फळ्यावर मांडून दाखवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. विद्यार्थी 0.6 बघतात आणि 60 टक्के बरोबर असं समजून घरी जातात.

सिमला_ऑफिस_चौक

मावशींच्या उत्तराला थोडी इतिहासाची जोड देतो, कारण या प्रश्नावर आपल्याच देशात शंभर वर्षांहून अधिक काळ काम झालंय. पुण्यात शिवाजीनगरच्या वेधशाळेला लोक अजून सिमला ऑफिस म्हणतात. भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय 1928 मध्ये सिमल्याहून तिथे आलं, म्हणून ते नाव.

त्याआधी, 1904 ते 1924 या काळात, खात्याचे प्रमुख होते गिल्बर्ट वॉकर. मूळचे केंब्रिजचे गणिती. 1899 च्या दुष्काळाची आठवण ताजी होती आणि मान्सूनचा अंदाज हवाच होता. वॉकरनी जगभरच्या नोंदी मागवल्या, त्यांचे भारतातल्या पावसाशी सहसंबंध काढले आणि त्यातून रिग्रेशनची, म्हणजे तुमच्या ट्रेंडलाइनसारखी, सूत्रं बांधली. तेव्हा संगणक नव्हता, सगळं कारकुनांच्या हातांनी. याच शोधातून प्रशांत आणि हिंदी महासागरांवरच्या हवेच्या दाबाचा झोका, म्हणजे सदर्न ऑसिलेशन, हाती लागला. एल निनोची, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापून आपला मान्सून बहुधा कमजोर होण्याची, आजची समज त्याच पायावर उभी आहे.

वॉकरना एक धोका त्याच वेळी दिसला होता. शेकडो जोड्या तपासल्या की काही सहसंबंध निव्वळ योगायोगानेच मोठे निघणार. तुमच्यासारखी 30 वर्षांची नोंद असेल तर काहीच संबंध नसताना 20 पैकी साधारण एका जोडीत आर 0.36 च्या पुढे जातो. म्हणून जून जमला नाही तर एप्रिलचं तापमान, तेही नाही तर मार्चचं वारं, असं खणत बसू नका. काहीतरी सापडेलच, आणि पुढच्या वर्षी ते दगा देईल.

खरा असलेला संबंधही टिकतोच असं नाही. 1988 मध्ये वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांनी 16 घटकांचं रिग्रेशन मॉडेल आणलं. बरीच वर्षं ते चाललं. 2002 ला अंदाज सर्वसाधारण पावसाचा होता, पण जुलैत देशभर पावसाने दडी मारली आणि हंगाम सरासरीच्या 81 टक्क्यांवर थांबला. 2003 मध्ये मॉडेल बदलावं लागलं. त्याउलट 1997 ला एवढा जबरदस्त एल निनो असूनही पाऊस सरासरीच्या 102 टक्के झाला. आणि हे सगळे अंदाज अख्ख्या देशाचे. एका वस्तीवरच्या एका पर्जन्यमापकाचा पाऊस त्याहून कितीतरी लहरी असतो.

बियाणेवाला_बार्शी

मावशी, तुम्ही सांगितलं तसं केलं. जूनचं विचलन 75, पुढच्या तीन महिन्यांचं 100, सरासरी 500. त्या दोघांतला सहसंबंध 0.03. स्टेयक्स 100 च्या जरा वर. म्हणजे 556 च्या दोन्ही बाजूंना त्याच्या दुप्पट, 200, धरले तर साधारण 350 ते 760. त्यात दुष्काळही आला आणि भरघोस वर्षही! यावर मागणी ठरवता येणार नाही हे कळलं.

आता दुसरी कल्पना. कंपनीचा माणूस म्हणतो, अर्धी मागणी आत्ता नोंदवा, उरलेली 15 सप्टेंबरपर्यंत घेऊ, दर थोडा चढा पडेल. तेव्हा ऑगस्ट ते 15 सप्टेंबरच्या पावसावरून ज्वारी बियाण्याच्या विक्रीचा अंदाज काढला तर? विक्रीच्या 14 वर्षांच्या नोंदी माझ्याकडे आहेत. आमच्याकडे ज्वारीत बहुतेक मालदांडी वाण जातं.

आकडेमोड_मावशी

हा प्रश्न मला फार आवडला, कारण इथे आकड्यांच्या मागे कारण आहे. रब्बी ज्वारी जमिनीत मुरलेल्या ओलीवर येते, आणि ती ओल याच पावसाची. जूनच्या बाबतीत असा दुवा नव्हता.

ट्रेंडलाइन टाकण्याआधी नुसते ठिपके मांडा आणि डोळ्यांनी बघा. फ्रान्सिस अँस्कोम या संख्याशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये प्रत्येकी 11 ठिपक्यांचे चार संच दिले होते. चारही संचांत सरासरी सारखी, सहसंबंध 0.816 आणि रेषाही तीच. चित्र काढलं तर एकात साधी रेषा, दुसऱ्यात चक्क कमान, उरलेल्या दोनांत एकच भरकटलेला ठिपका सगळं ओढून नेतो. तुमच्याकडेही कमान निघेल असा माझा अंदाज आहे. पाऊस कमी तर पेरणी कमी. पण सप्टेंबरात फारच पडला तर काळ्या रानात वापसा येत नाही, म्हणजे जमीन पेरण्याइतकी सुकत नाही, पेरणी लांबते आणि लोक हरभऱ्याकडे किंवा गव्हाकडे वळतात. तसं दिसलं तर एकच सरळ रेषा ओढू नका. कोरडी, मध्यम, अतिपावसाची अशी वर्षं वेगळी करून त्यांच्या सरासऱ्या बघितल्या तरी जास्त कळेल.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, ज्या वर्षी तुमचा माल संपला होता, त्या वर्षीचा विक्रीचा आकडा मागणीचा नाही. तो तुमच्या गोदामाचा आहे. 40 पिशव्या होत्या आणि 40 विकल्या, तर मागणी 40 होती की 70, हे वही सांगणार नाही. नेमकी चांगल्या पावसाचीच वर्षं अशी कापली गेली असतील, मग रेषा आपोआप चपटी येणार आणि पुढच्या चांगल्या वर्षी पुन्हा माल कमी पडणार. त्या वर्षांवर खूण करा. किती गिऱ्हाईक परत गेलं हे आठवत असेल तर लिहा, नाहीतर ती वर्षं रेषेतून बाजूला ठेवा.

तालुक्यात नवीन दुकान कधी उघडलं, आदल्या वर्षी ज्वारीला आणि कडब्याला भाव काय होता, हेही शेजारच्या स्तंभात लिहा. पण 14 वर्षांत पाच-सहा घटक एकदम घालू नका. पाऊस आणि आदल्या वर्षीचा भाव, एवढे दोनच घ्या.

मग एकेक वर्ष झाकून ठेवा, उरलेल्यांवरून त्याचा अंदाज काढा आणि खऱ्या आकड्याशी ताडा. असं सगळ्या वर्षांचं झालं की सरासरी चूक काढा. नुसती सरासरी विक्री सांगितली असती तर किती चूक झाली असती, तेही शेजारी लिहा. सूत्राची चूक त्याहून स्पष्टपणे कमी असेल तरच सप्टेंबरात त्यावर पैसे लावा. जुलैतली अर्धी मागणी मात्र कोरड्या वर्षांतही जेवढा माल हमखास गेला तेवढीच ठेवा, त्याला रिग्रेशन लागत नाही. पिशव्यांचे आकडे आणि माल संपल्याच्या खुणा इथे टाका, ठिपके मी मांडून देते.