१५ हजारांत डोंबिवलीतला हॉल नीट करायचाय, कुठून सुरुवात करू?

शेवंती_डों

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. डोंबिवली पूर्वेला आमचा वन बीएचके आहे, बिल्डिंग ९४ सालची. हॉल १० बाय १४, उंची ९ फूट, एका बाजूला छोटी बाल्कनी. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सध्या वॉकर घेऊन चालते आणि दिवसभर हॉलमध्येच बसून असते. परवा म्हणाली की या खोलीकडे बघून मला अजून आजारी वाटतं गं. ते वाक्य डोक्यातून जातच नाहीये.

खोलीची अवस्था सांगते. बाथरूमच्या बाजूच्या भिंतीला जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत पोपडे आलेत, हात लावला की पांढरा भुगा पडतो. सोफा ३+१+१, लाकूड चांगलं आहे पण बसलं की माणूस खाली जातो. समोर अख्ख्या भिंतीला सरकत्या काचांची शोकेस, मधोमध काचेचा टीपॉय, एक लोखंडी टीव्ही ट्रॉली (टीव्ही कधीच भिंतीवर गेला, ट्रॉली आहे तिथेच), आणि प्रकाशाला एकच ट्यूब.

एका इंटिरियरवाल्याला बोलावलं होतं, त्याने दीड लाखाचा आकडा सांगितला आणि वर म्हणाला यापेक्षा कमीत काही होत नाही. माझ्याकडे १५ हजार आहेत, फार तर हजार-पाचशे इकडे तिकडे. मी असा विचार केलाय की ओल आलेल्या भिंतीला वॉलपेपर लावायचा, एक छान गालिचा घ्यायचा आणि सोफा काढून गादी-तक्क्यांची भारतीय बैठक करायची, फोटोंमध्ये किती सुंदर दिसते ती. बरोबर आहे का हे? रंग घरीच दिला तर जमेल का, भाचा मदतीला आहे.

ब्रशवाला

शेवंतीताई, वॉलपेपर अजिबात नको. माझे वडील तीस वर्षं रंगकाम करायचे, सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली असायचो म्हणून ठामपणे सांगतोय. ओल झाकली की ती आत पसरते, वर्षभरात कागदाच्या मागे काळी बुरशी धरते आणि तिथे तुमची आई दिवसभर बसणार. तो पांढरा भुगा म्हणजे खार फुटलाय, पाणी भिंतीतून बाहेर येताना क्षार घेऊन येतं आणि पाणी उडून गेलं की ते मागे राहतात.

खात्री करायची असेल तर एक पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी कापून फूटभर तुकडा त्या भिंतीवर चारही बाजूंनी टेप लावून घट्ट चिकटवा आणि एक दिवस तसाच ठेवा. भिंतीकडच्या बाजूने थेंब धरले तर ओल आतून येतेय.

बाथरूमच्याच भिंतीला आणि तेही खालून दोन-अडीच फूट म्हणजे बहुतेक वेळा टाइल्सच्या सांध्यांतून नाहीतर न्हाणी ट्रॅपच्या (फरशीतलं पाणी जायच्या जाळीच्या) कडेने पाणी मुरतं. सगळी बाथरूम फोडायची गरज नसते. आधी सांधे खरवडून साफ करून एपॉक्सी ग्राउट (पाणी न झिरपणारं सांध्यांचं भरण) भरून घ्या, ट्रॅपच्या भोवती पण. मग हॉलच्या बाजूने पोपडे पत्र्याने पार खरवडा, सुटलेलं प्लॅस्टर ठोकून काढा, आणि नंतर ती भिंत तशीच उघडी ठेवा. दोन आठवडे, तीन आठवडे, जेवढी सुकेल तेवढी. लोक इथेच घाई करतात, दुसऱ्या दिवशी लांबी (पुट्टी) भरतात आणि पुढच्या पावसात सगळं परत गळून पडतं. आत्ता नोव्हेंबर आहे, हवा कोरडी आहे, यापेक्षा चांगले दिवस मिळणार नाहीत.

रंग घरी नक्की जमेल. बाकीच्या भिंतींवर तळहात घासून बघा, हाताला पावडर लागली तर जुना डिस्टेंपर (खडूसारखा स्वस्त रंग) आहे. त्यावर थेट इमल्शन (प्लॅस्टिक पेंट) मारलं तर पापुद्रे निघतात, आधी ओल्या फडक्याने आणि पॉलिश पेपरने ती पावडर काढावी लागेल. त्यानंतर लांबी, मग पेपर, मग प्रायमर आणि मग रंगाचे दोन हात. तुमच्या चार भिंती मिळून ४३२ चौरस फूट होतात, दारं-खिडक्या वजा केल्या की साडेतीनशेच्या आसपास. दोन हातांना लिटरला ५०-६० फूट धरा, म्हणजे सहा-सात लिटर आणि छताला अडीच-तीन. दहा लिटरमध्ये खोली होते. महागातला वॉशेबल रंग नको, साधं इंटिरियर इमल्शन घ्या, पण प्रायमरमध्ये काटकसर करू नका.

कावेरीकाकू

शेवंती, बाळा, आईला आता कसं आहे? माझे दोन्ही गुडघे तीन वर्षांपूर्वी झाले म्हणून मुद्दाम लिहितेय. भारतीय बैठक मनातून काढून टाक. खाली बसणं तर सोडच, मला साधा बसका सोफासुद्धा चालत नव्हता. फिजिओथेरपीवाली मुलगी सांगायची की बसल्यावर गुडघे कमरेपेक्षा वर जाता कामा नयेत. बसायची जागा १८-१९ इंच तरी उंच हवी आणि दोन्ही बाजूंना हात टेकायला दांडे हवेत, म्हणजे उठताना जोर देता येतो.

आणि गालिचा मुळीच नको. वॉकरचा पाय त्याच्या कडेत अडकतो. मी अशीच एकदा पडता पडता वाचले, मुलाने हौसेने आणलेला गालिचा होता, त्याच संध्याकाळी गुंडाळून माळ्यावर टाकला.

माझं ऐकशील तर काही विकत घ्यायच्या आधी एक दिवस खोली रिकामी कर. टीपॉय, ट्रॉली, सगळं बेडरूममध्ये नाहीतर जिन्यात ठेव आणि आईला वॉकर घेऊन फिरू दे. पलंगापासून खुर्चीपर्यंत, खुर्चीपासून संडासापर्यंत तीन फुटांची मोकळी वाट हवी. ती कुठून जाते ते बघ आणि मग उरलेल्या जागेत सामान परत आण. निम्मं तर परत आणावंसंच वाटणार नाही तुला. आमच्याकडे टीपॉय गेला आणि हॉल दुप्पट वाटायला लागला.

रंधा

काकूंना अनुमोदन. सोफ्याबद्दल मी सांगतो, हाच माझा धंदा आहे.

लाकूड चांगलं असेल तर सोफा अजिबात टाकू नका, आत्ता त्या भावात तसं लाकूड मिळत नाही. सोफा उलटा करा. खाली पट्ट्या असतील तर त्या सैल होऊन झोळी झाली असणार, त्या काढून १२ एमएम प्लाय ठोकून घ्या. पायांना आणि सांध्यांना बोटाने टकटक करून बघा, पोकळ आवाज आला किंवा बारीक माती दिसली तर वाळवी आहे, मग मात्र पैसे घालू नका. नंतर फोम बदला. आईसाठी ४० डेन्सिटीचा (म्हणजे घनमीटरला ४० किलो वजनाचा) ४ इंची घ्या, मऊ नको, मऊ फोम सहा महिन्यांत बसतो आणि आज आहात तिथेच परत याल.

आता खरी गंमत, दुकानात सगळेच ४० सांगतात आणि देतात २८. ते डोळ्यांनी कळत नाही, वजनावर कळतं. २२ बाय २२ चा ४ इंची तुकडा खरंच ४० चा असेल तर सव्वा किलोच्या आसपास भरतो. २८ चा असेल तर ९०० ग्रॅमसुद्धा भरत नाही. कापून झाल्यावर शेजारच्या वाण्याच्या काट्यावर ठेवा, दुकानदारासमोरच ठेवा. मी स्वतः गिऱ्हाइकांना वजन करून देतो.

आईची सिंगल खुर्ची आहे तिच्या पायांखाली सुताराकडून दोन इंचाचे लाकडी ठोकळे लावून घ्या, स्क्रूने पक्के, नुसते ठेवायचे नाहीत. त्याने उंची मिळते. कापड घ्यायला तुम्हाला उल्हासनगर जवळ पडेल, गजानन मार्केटात ताग्यातला उरलेला तुकडा मागा, पाच सीटपुरता तुकडा असतो त्यांच्याकडे आणि भावही उतरतो.

मानसी_पुणे३८

वॉलपेपरला सगळेच नको म्हणताहेत, ओलीवर नकोच, पण चिकटवायचा कागद कोरड्या कपाटाच्या दारांना छान बसतो, आमचा चार वर्षं टिकलाय. तेवढीच नोंद.

पडद्यांचं मात्र लिहायचंय. तयार पडदे ५, ७ आणि ९ फुटांत येतात, ५ खिडकीचे, ७ दाराचे. खिडकीला ५ चे न लावता ७ चे लाव आणि रॉड खिडकीच्या चौकटीला चिकटून न ठेवता आठ-दहा इंच वर घे, दोन्ही बाजूंना पण वीतभर बाहेर काढ. पडदा बाजूला केला की तो भिंतीवर येतो, काच पूर्ण उघडी राहते आणि छत उंच वाटतं. रॉडच्या रुंदीच्या दुप्पट कापड हवं, नाहीतर तो ताणलेल्या चादरीसारखा दिसतो. जुन्या साड्यांचे पडदे कोणीतरी सुचवेलच म्हणून आधीच सांगते, सुती साडी जरूर वापर, पण रेशमी नको. मी आजीच्या नारायणपेठेचा पडदा केला होता, पश्चिमेची खिडकी, दोन उन्हाळ्यांत घडीवर चिरत गेला. आजही वाईट वाटतं. त्यापेक्षा खणाच्या उश्या कर, खण थोडाच लागतो आणि त्या काठामुळे अख्खी बैठक उठून दिसते.

आणि ती एकुलती ट्यूब! खोक्यावर ६५०० के (केल्विन, प्रकाशाच्या रंगछटेचं माप) लिहिलेलं असतं तो निळसर पांढरा प्रकाश, त्यात रंग फिका दिसतो आणि माणूसही. ट्यूब राहू दे, वाचायला लागते, पण आईच्या खुर्चीमागे कोपऱ्यात एक ९ वॉटचा ३००० केचा वॉर्म व्हाइट बल्ब लाव, शेड घालून. संध्याकाळी तेवढाच पेटव. रंगाचा नमुनाही भिंतीवर दोन बाय दोनचा मारून सकाळी आणि रात्री दोन्ही वेळा बघ, मगच डबा घे.

शेवंती_डों

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंय की काल रात्री आईला वाचून दाखवलं. काकू, आई बरी आहे, तुमचं ऐकून म्हणाली या बाईंना सगळं कळतंय.

प्लॅस्टिक लावलं, सकाळी भिंतीकडून टपटप थेंब. म्हणजे ब्रशवाले दादा बरोबर. गालिचा आणि बैठक रद्द.

आता अडलंय ते शोकेसवर. साडेसहा फूट उंच, सहा फूट रुंद, निम्मी खोली तिनेच गिळलीय. पण त्यात बाबांना रेल्वेच्या कॅरम स्पर्धेत मिळालेले कप आहेत, सावंतवाडीची लाकडी फळं आहेत, आत्याने दिलेला चहाचा सेट आहे जो एकदाही वापरला नाही. शोकेस काढू म्हटलं की आई गप्प होते. तिला दुखवून खोली सुंदर करण्यात काय अर्थ.

रंधा

काढू नका, कापा. अशा शोकेसचा खालचा कपाटाचा भाग आणि वरचा काचांचा भाग बहुतेक वेळा दोन वेगळे खोके असतात, मधल्या फळीत स्क्रू असतात. सुतार अर्ध्या दिवसात सोडवेल. खालचा अडीच फूट उंचीचा भाग भिंतीला ठेवा, वर आईला हवं ते. वरच्यातली एक काच आणि दोन फळ्या वापरून छोटं भिंतीवरचं कपाट होतं.

कावेरीकाकू

आणि काय ठेवायचं ते आईलाच निवडू दे. एक एक वस्तू तिच्या हातात दे, घाई करू नकोस. माझ्या सासूबाईंबरोबर मी हे केलं होतं, तीन दुपारी लागल्या, पण कितीतरी गोष्टी त्यांनी आपणहून शेजारच्या मुलींना देऊन टाकल्या. चहाचा सेट बाहेर काढा आणि त्यात चहा प्या.

शेवंती_डों

मंडळी, आज २१ डिसेंबर, सगळं झालं. हिशेब लिहिते, कोणाला तरी उपयोगी पडेल.

बाथरूमचे सांधे आणि ट्रॅप १,४०० (त्या दिवशी आंघोळीला शेजाऱ्यांकडे गेलो). भिंत बावीस दिवस उघडी ठेवली, बघवत नव्हती, दोनदा वाटलं भरून टाकावी, पण ब्रशवाले दादांचं वाक्य आठवून थांबले. लांबी, प्रायमर, रंग, रोलर, पत्रा, पेपर मिळून ४,६००. भिंतींना किंचित पिवळसर पांढरा आणि छत पांढरं, मी आणि भाच्याने दोन शनिवार-रविवारांत केलं. एका कोपऱ्यात रोलरच्या रेघा दिसतात, त्या तिसऱ्या हाताने पण गेल्या नाहीत.

सोफ्याचा प्लाय, फोम आणि कापड शिलाईसकट ५,८००. पहिल्या दुकानात तुकडा काट्यावर ठेवायला सांगितला तर माणूस चिडला, आम्ही उठून दुसरीकडे गेलो, तिथे १ किलो २४० भरला. सुतार १,८००, त्यात शोकेस आणि आईच्या खुर्चीचे ठोकळे. पडदे आणि रॉड १,३००. बल्ब, होल्डर आणि शेड ४५०. एकूण १५,३५०. टीपॉय, ट्रॉली आणि रद्दी भंगारवाल्याला देऊन १,१०० आले. खणाच्या उश्या पुढच्या महिन्यात.

शोकेस आईने चार दुपारी घेऊन रिकामी केली. बाबांचे तीन कप ठेवले, बाकीचे त्यांच्या कॅरमच्या ग्रुपमधल्या काकांना बोलावून दिले, ते काका बराच वेळ काही बोललेच नाहीत. आईची खुर्ची आता बाल्कनीच्या दाराशी आहे, तिथून जास्वंदाची कुंडी आणि खालचा रस्ता दिसतो. काल मी कामावरून आले तर ट्यूब बंद, कोपऱ्यातला दिवा लावलेला, आणि आई समोरच्या काकूंना आत्याच्या सेटमधून चहा देत होती. वॉकर भिंतीला टेकवून ठेवला होता, किटली तिने स्वतः आणली होती.

एक विचारायचं राहिलं, त्या ओलीच्या भिंतीला पावसाळ्याआधी परत एकदा प्लॅस्टिक लावून बघू का?

ब्रशवाला

हो, मे अखेरीला एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा. आणि बाथरूमचे सांधे दर सहा महिन्यांनी नखाने खरवडून बघत जा, कुठे सुटला असेल तर तेवढाच भरून घ्या. आईंना माझा नमस्कार सांगा.