खपल्या काढण्याच्या माझ्या सवयीवर चित्रमालिका करायचीये, सल्ला हवाय

ठाणेकरीण: नमस्कार मंडळी, हे पहिल्यांदाच कुठेतरी लिहितेय. नववीत असल्यापासून मी दंडाच्या, खांद्याच्या, चेहऱ्याच्या खपल्या काढते. पुटकुळी नसली तरी बोटं शोधत फिरतात आणि काही खडबडीत लागलं की ते सपाट होईपर्यंत थांबताच येत नाही. बाथरूममध्ये आरशासमोर दोन मिनिटं म्हणून उभी राहते आणि बाहेर येते तेव्हा पाऊण तास गेलेला असतो. मे महिन्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचे कुर्ते. आई अजून म्हणते, "हात लावू नकोस गं", तिला वाटतं मी मुद्दाम ऐकत नाही. गेल्या वर्षी डॉक्टरांनी नाव सांगितलं, एक्स्कोरिएशन डिसऑर्डर, म्हणजे कातडी खुडत राहण्याचा आजार, थेरपी चालू आहे. आता यावर आठ-दहा चित्रं करायचीयेत, पण जखमा नाही दाखवायच्या, मला तो पाऊण तास दाखवायचाय. माध्यम कुठलं घेऊ? जलरंगात करून पाहिलं, सगळं फार गोड दिसतं.

कोळसा_कागद: लंडनची लिझ ॲटकिन नावाची चित्रकार आहे, तिचं काम नक्की बघ. तिला लहानपणापासून हाच त्रास. ट्रेनमध्ये जे फुकट पेपर मिळतात त्यावर ती चारकोलनं झरझर चित्रं काढते आणि सोबतच्या प्रवाशांना देऊन टाकते. मी ते वाचून आमच्या लोकलमध्ये सुरू केलं (मी बोटांची कातडी सोलतो, अंगठ्याची जास्त). चारकोलची एक गोष्ट अनुभवानं सांगतो, बोटं काळी झाली की नकळत चेहऱ्याकडे हात गेला तर लगेच डाग दिसतो, म्हणजे हात कधी गेला ते निदान कळतं तरी. वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडतो आणि चारकोल झडतो, म्हणून ठेवायची चित्रं चांगल्या कागदावर काढ आणि वरून फिक्सेटिव्ह (चारकोल धरून ठेवणारा स्प्रे) मार, खिडक्या उघड्या ठेवून.

ठसा: मी छापचित्रं करते, म्हणून माझं मत लिनोकट, म्हणजे लिनोलियमचा ब्लॉक कोरून त्यावरून छापायचं. त्यातली रिडक्शन पद्धत तुझ्या विषयाला फार जवळची वाटते मला. ब्लॉक थोडा कोरायचा, फिकट रंगात सगळ्या प्रती काढायच्या, मग तोच ब्लॉक आणखी कोरून त्याच प्रतींवर गडद रंग, असं करत करत शेवटी ब्लॉकवर जवळपास काही उरतच नाही आणि मागे जायची सोय नसते. पाऊण तासाचे पाच टप्पे पाच रंगांत येतील.

साधना_नाशिक: ठसाताई, कल्पना सुंदर आहे पण मला काळजी वाटतेय. मलाही हा त्रास आहे, पिन, चिमटा, टोकदार काहीही हातात आलं की माझं सुरू होतं, त्यामुळे कोरायची हत्यारं घरात आणायच्या आधी थेरपिस्टशी बोल गं. मी फेविकॉल वापरते. शाळेत तळहाताला लावून सोलायचो ना आपण, तेच, पण आता अंगाला नाही, काचेवर. जाडसर थर द्यायचा, पावसाळ्यात वाळायला दोन दिवस लागतात, मग अख्खी साल एका तुकड्यात हळूच काढायची. त्यात थोडी शाई मिसळली तर रंग येतो. सोलायची ती ओढ खरी असते आणि कातडीला काही होत नाही.

मनोविकार_वाचक: दोनच गोष्टी. हे लाड किंवा हट्ट नाहीत, 2013 साली डीएसएम-5 मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या अमेरिकी निदान-पुस्तिकेत, याला स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली, ओसीडीच्या (तेच तेच विचार आणि कृती थांबवता न येण्याच्या आजाराच्या) गटात. प्रदर्शनाच्या माहितीफलकावर एवढं लिहिलंस तर तुझ्यासारख्याच कुणाच्या तरी आईला कळेल. आणि जखमांचे फोटो लावायचे नाहीत हे तुझं बरोबरच आहे, ते बघून दुसऱ्या कुणाचे हात सुरू होऊ शकतात. काम करताना त्रास वाढला तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, 14416.

ठाणेकरीण: सगळ्यांचे खूप आभार, रडू आलं वाचताना. साधनाताई, फेविकॉलचं केलं. बाथरूमच्या आरशावरच थर दिला, तिथेच सगळं घडतं म्हणून. रोज आरशासमोर जेवढी मिनिटं गेली तेवढे ठिपके चारकोलच्या भुकटीनं ओल्या थरात दाबले, म्हणजे एक दिवस एक साल. मंगळवारी 41 ठिपके, बुधवारी 12. सहा साली झाल्यात. एकच अडतंय, टांगताना उजेड मागून देऊ की वरून?

ठसा: वरून, जरा समोरच्या बाजूनं. आणि भिंतीपासून वीतभर पुढे टांग, ठिपक्यांची सावली भिंतीवर पडू दे. दमट हवेत साली एकमेकींना चिकटतात, मधे बटर पेपर घालून ठेव.