युरोपची वाढ शिक्षणामुळे, की वाढीमुळे शिक्षण?

नीरजा_व: २००० साली लिस्बनला युरोपीय संघाच्या नेत्यांनी ठरवलं, २०१० पर्यंत आपली अर्थव्यवस्था जगात सर्वांत स्पर्धाक्षम आणि ज्ञानाधिष्ठित करायची. जमलं नाही. तरी दिशा बरोबर होती, असं माझं मत. डेन्मार्क बघा. १८४४ मध्ये रोडिंगला शेतकऱ्यांच्या पोरांसाठी पहिलं लोकविद्यालय निघालं. परीक्षा नाही, पदवी नाही. पुढे १८८२ पासून तिथल्या शेतकऱ्यांनी सहकारी दूधसंघ उभे केले आणि डॅनिश लोणी इंग्लंडात खपू लागलं.

उंटावरचा_शहाणा: लोणी मलई काढायच्या यंत्रानं निघालं हो, आणि गिऱ्हाईक होतं म्हणून खपलं! २०१३ साली स्पेनमध्ये काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या तरुणांपैकी निम्म्याहून जास्त बेकार होते. पदवीधर पोरं जर्मनीची वाट धरत होती. त्यांचं शिक्षण कमी पडलं का?

नीरजा_व: अर्धीच गोष्ट सांगताय. तेजीत बांधकामावर रोकडा पगार मिळे, म्हणून सुमारे ३० टक्के पोरं शिक्षण अर्धवट टाकत होती. २००८ ला फुगा फुटला तेव्हा हातात ना घमेलं ना दाखला.

स्टुटगार्टकर: इकडे जर्मनीत आउसबिल्डुंगमध्ये, म्हणजे कामासोबतच्या व्यवसाय-शिक्षणात, पोरगं आठवड्याचे तीन-चार दिवस कारखान्यात, उरलेले शाळेत. पहिल्या महिन्यापासून विद्यावेतन, तीन-साडेतीन वर्षांत कारागीर तयार. विशीपर्यंत झकास. पण इंजिनाचे सुटे भाग करण्यात ज्याची हयात गेली, त्यानं विजेच्या गाड्या आल्यावर काय करायचं? पन्नाशीत पुन्हा बाकावर बसायचं म्हणजे जिवावर येतं.

उंटावरचा_शहाणा: तेच तर! प्रौढांच्या वर्गांना जास्त करून आधीच शिकलेले जातात. फ्रान्सनं कामगारांच्या खात्यात प्रशिक्षणासाठी वर्षाला ५०० युरो टाकले, तर भामट्यांचे फोन सुरू. शेवटी २०२२ मध्ये असल्या फोनांवर कायद्यानं बंदी आणावी लागली. आणि आता युरोपीय संघ म्हणे २०३० पर्यंत दरवर्षी ६० टक्के प्रौढांना शिकवणार!

नीरजा_व: ६० टक्के मलाही जास्त वाटतात. पण स्वीडनमध्ये शिकायला रजा घेतली तरी नोकरी शाबूत राहते, १९७४ चा कायदा आहे. प्रौढांच्या शिक्षणात तो देश वरच्या रांगेत उगाच नाही.

उंटावरचा_शहाणा: बिनपगारी रजा ना? घराचा हप्ता कोण भरणार?

स्टुटगार्टकर: २०२२ पासून तिथे नोकरी बदलण्यासाठी शिकणाऱ्याला, ठरावीक मर्यादेत, पगाराच्या ८० टक्क्यांपर्यंत मदत मिळते.

उंटावरचा_शहाणा: हे पटलं. पण मग त्याचं श्रेय शिक्षणखात्याला देऊ नका, बाई.