हॉलची फरशी न फोडता संडासची लाईन दुरुस्त करायची आहे – मदत हवी (बेळगाव)

शहापूरकर
हॉलखालची लाईन दर आठ दिवसांनी तुंबायलीय. फरशी फोडणार नाही. लायनिंग (जुन्या पाईपला आतून अस्तर) करू की बर्स्टिंग (जुना फोडत नवा ओढणं), एवढंच सांगा. रविवारी घरात कार्य आहे.

निपाणी_प्लंबिंग
पाईप कसला? किती इंची? लांबी? चेंबर किती? कॅमेरा टाकलाय काय?

शहापूरकर
चार इंची, जुना स्टोनवेअर, म्हणजे भाजलेल्या मातीचा. २२ फूट. मागं एक चेंबर, रस्त्याकडं एक. कॅमेऱ्यात सांध्यांतून उंबराची मुळं आत आलेली दिसली. आता सांगा की.

अनगोळ_सिव्हिल
लायनिंगच. आधी कटरनं मुळं काढून जेटिंग (जोराच्या पाण्यानं धुणं), मग परत कॅमेरा. फेल्टची नळी इपॉक्सीत (कालवल्यावर घट्ट होणारं रसायन) भिजवून हवेच्या दाबानं उलटी करत आत सोडतात. घट्ट झाली की साधारण ३ मिमी जाडीचा विनाजोड पाईप आतल्या आत तयार. भिजवताना फेल्टमध्ये हवा राहिली तर तेवढी जागा कच्ची राहते. उन्हात इपॉक्सी लवकर आवळतं, म्हणून सकाळी सावलीत कालवायचं. नळी अर्ध्यात असताना आवळलं तर खोदण्याशिवाय इलाज नाही.

चिकोडी_शिवार
सेप्टिक टँकमध्ये फिनेल, ॲसिड ओतू नका, जंतू मरतात.

शहापूरकर
टँक नाही ओ, रस्त्याच्या गटाराला जोडलंय.

वडगाव_पाईप
बर्स्टिंग करा. दोन्ही टोकांना खड्डे घेऊन जुना पाईप फोडत एचडीपीईचा (प्लास्टिकचा) अखंड पाईप ओढायचा. सांधाच नाही, मुळं येणार कुठून?

अनगोळ_सिव्हिल
फुटलेले तुकडे माती वर ढकलतात. पाईप उथळ असला तर हॉलची फरशीच उचलेल. खोली विचारलीत काय?

खानापूरची_ताई
दादा, दोन गोष्टी राहिल्या. मध्ये कुठली लाईन येऊन मिळते काय? आणि कॅमेऱ्यात कुठं पाणी साचलेलं दिसतं?

शहापूरकर
बाथरूमची लाईन मध्येच मिळते, ते तर असतंच. मुळं काढल्यावरही सात-आठ फूट कॅमेरा पाण्यातच होता.

खानापूरची_ताई
मग लायनिंगचे पैसे घालू नका. तेवढा पाईप खचलाय. अस्तर जुन्या पाईपच्याच आकारात बसतं, उतार सुधारत नाही. बर्स्टिंगचा नवा पाईपही त्याच वाटेनं जातो. शिवाय अस्तरानं बाथरूमचं तोंड बंद होतं. ते आतून कापायला चार इंचात जाणारा कटर लागतो. घराच्या बाजूला बोळ आहे काय?

शहापूरकर
अडीच फुटांचा आहे. तिकडून ३४ फूट भरतील. दोन चेंबरच्या तळात ९ इंचांचा फरक. बाथरूमची भिंत बोळालाच लागून आहे.

निपाणी_प्लंबिंग
३४ फूट म्हणजे ४०८ इंच, भागिले ९, म्हणजे उतार ४५ ला १. चालतंय. ११० मिमीचा पीव्हीसी एसडब्ल्यूआर (सांडपाण्याचा पाईप) घ्या, जाड बी टाईप, खाली वाळूचा थर. वळणावर ९० चा बेंड नको, तिथं चेंबर बांधा. बाथरूमही बोळातच जोडा. जुनी लाईन दोन्ही टोकांना काँक्रीटनं बुजवा, नाहीतर घुशी हॉलखाली येतील.

वडगाव_पाईप
प्रत्येक वळणाला चेंबर कशाला? ४५ चे दोन बेंड पुरे.

निपाणी_प्लंबिंग
तुंबल्यावर सळी कुठून घालणार?

शहापूरकर
गच्चीचं पाणीही याच पाईपला सोडू काय?

खानापूरची_ताई
अजिबात नको. जोराच्या पावसात मैलाच उलटा बाथरूममध्ये येईल. ते वेगळं काढा. आणि माती लोटण्याआधी खालचं टोक बंद करून लाईन पाण्यानं भरा, वरच्या चेंबरात पातळीची खूण करा. अर्ध्या तासात पाणी उतरलं तर सांधे परत तपासायचे.